सुजाता, तुझ्या मुगांचं काय करू?

सुजाता, तुझे मूग सडले.

सडले म्हणजे नुसते वाया गेले असं नाही. बी विंगच्या जिन्यात पाऊल टाकलं की नाकाला रुमाल लावावा लागतो. ज्याच्या ज्याच्या घरात आपल्या शाळेचं चौथीतलं पोर आहे, त्याच्या खिडकीत एक काचेचा ग्लास आहे. ग्लासात गढूळ पाणी, तळाला मूठभर मूग आणि वर फेस. टाकून द्यायला कोणी तयार नाही. "बाईंनी ठेवायला सांगितलेत," म्हणतात. बाई गेल्या हे सगळ्यांना माहीत आहे, अर्धी विंग तुला पोचवायला आली होती, तरी बाईंनी ठेवायला सांगितलेत. सोसायटीचे सेक्रेटरी फोन करून ओरडतात, आणि ओरडतात मला. मी काय केलं? मी ब तुकडीची बाई. अ तुकडीच्या बाईंनी जाता जाता काय करून ठेवलंय त्याला मी जबाबदार कशी?

तुझा तो शेवटचा शनिवार मला लख्ख आठवतो. तू टेबलावर दोन गोष्टी मांडल्या होत्यास. एका फडक्यात बांधलेले मूग, चांगले लांब मोड आलेले. आणि एका ग्लासात पाण्यात बुडवून ठेवलेले मूग. तेही तेवढेच जुने, पण टम्म फुगलेले, साली सुटलेले, मोडाचा पत्ता नाही. समोर बाकांवर पोरं, पोरांच्या शेजारी आया, आज्या, दोन-चार बाप. तू म्हणालीस, "बी उगवायला पाणी लागतं, असं पुस्तकात आहे. बरोबर? मग ज्यांना सगळ्यात जास्त पाणी मिळालं त्यांना मोड का नाही आले?" सगळे एकदम बोलायला लागले. तू हात झटकलेस, पर्स उचललीस, म्हणालीस, "घरी बघा." आणि निघालीस.

मंगळवारी तू कायमचीच निघालीस. शनिवारी प्रश्न टाकायचा आणि मंगळवारी आपण नाहीसं व्हायचं, हे कुठलं वागणं गं?

मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, ही नसती उठाठेव आहे. तुझ्या डोक्यातून शनिवारचा तास निघाला तेव्हा आपण दोघी स्टाफरूममध्ये डबा खात होतो. तुझ्या डब्यात तुझी ती झणझणीत शेंगदाण्याची चटणी होती, माझ्या डब्यात माशाचं तिखलं, आणि दोघींचं निम्मं निम्मं झालेलं होतं. तू घास हातात धरून म्हणालीस, "स्मिते, आपण गृहपाठ पोरांना देतो, तो चुकीच्या माणसाला देतो. गृहपाठ घराला द्यायला पाहिजे." मला वाटलं, तिखट लागलंय. पण पुढच्या आठवड्यात तू मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये जाऊन परवानगी घेऊन आलीस. शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास, घरच्या कोणीही यायचं, पोराशेजारी बाकावर बसायचं. पोराची तक्रार नाही, मार्कांचा विषय नाही. विज्ञान नाहीतर गणित, सगळ्यांनी मिळून. आणि जाताना आठवडाभर पुरेल असा एक प्रश्न.

कल्पना तुझी. मग बादली कोणी आणायची? मी. तराजू कोणाकडून मागायचा? मी. मॅक्सीवर ओढणी घेऊन आलेल्या आयांना वॉचमननं गेटवर अडवलं तर खाली कोणी धावायचं? मी. रात्रपाळी करून आलेले कोणाचे तरी पप्पा मागच्या बाकावर घोरायला लागले, तर त्यांना उठवायचं की झोपू द्यायचं, हेही मीच ठरवायचं. तू आपली फळ्यासमोर उभी, खडू कानामागे, खुशीत.

ते दाराचं आठवतं? मोजमापाचा धडा होता. तू म्हणालीस, घराचं दार किती वीत उंच आहे ते घरातल्या एकेकानं मोजायचं. पोरानं त्याच्या वितीनं, आईनं तिच्या, आजोबांनी त्यांच्या. साधा धडा होता. प्रत्येकाची वीत वेगळी, म्हणून प्रत्येकाचं उत्तर वेगळं, म्हणून ठरलेलं माप लागतं. तू मुद्दाम दार निवडलं होतंस, कारण पुनर्वसनाच्या त्या बिल्डिंगांमध्ये सगळे फ्लॅट एकसारखे, सगळी दारं एकसारखी. दार तेच आणि उत्तरं वेगळी, असं दाखवायचं होतं तुला. केवढी हुशारी!

पण तू आर्यनच्या पप्पांना विसरलीस. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये काम करणारा माणूस, सुताइतका फरक खपवून न घेणारा. पालकांच्या ग्रुपवर त्यांनी पाहिलं, कोणी दहा लिहितंय, कोणी बारा, कोणी चौदा. त्यांना राहवेना. त्यांनी मेसेज टाकला की आपल्या सगळ्यांची दारं एकाच मापाची आहेत, तेव्हा उत्तर एकच आलं पाहिजे, वेगवेगळी उत्तरं लिहून वर्गात हसं करून घेऊ नये, सर्वांनी दहा लिहावे. खाली हात जोडल्याचं चित्र. आणि झालं! आख्ख्या वर्गानं खोडरबर घेऊन दहा लिहिलं. शनिवारी तू एकेकाला विचारत गेलीस. दहा. दहा. दहा. ज्यांची खोली चाळीत आहे, ज्यांच्या दारातून वाकून जावं लागतं, त्यांनीसुद्धा दहा. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी मागे खिडकीशी उभी राहून पदर तोंडात कोंबला होता.

मला वाटलं, आता तरी ही बाई सांगेल. एक वाक्य पुरलं असतं. "म्हणून सेंटिमीटर लागतो." संपलं असतं, सगळे वेळेत घरी जेवायला गेले असते. पण तू आर्यनच्या पप्पांना पुढे बोलावलंस आणि वर्गाच्या दारावर वीत टाकायला लावलीस. मग पहिल्या बाकावरच्या चिमुरड्या रियाला बोलावलंस, तिला टाकायला लावलीस. ते गृहस्थ आपला पंजा बघतायत, तिचा पंजा बघतायत. शेवटी म्हणाले, "बाई, मग बरोबर वीत कोणाची धरायची?" आणि तू काय म्हणालीस? "बघा ना घरी जाऊन." तिथल्या तिथे तुझा गळा दाबावासा वाटला मला. पुढच्या शनिवारी ते वर्कशॉपमधून टेप घेऊन आले, आणि येताना बायकोलाही घेऊन आले, कारण आठवडाभर घरात तीच चर्चा चालली होती. ते म्हणाले, "दोघांनी आधी एकच काहीतरी ठरवायला पाहिजे." तू म्हणालीस, "काय?" परत प्रश्न!

बाहेर आल्यावर मी तुला म्हटलं, "सुजा, त्यांनी सांगितलं गं, निदान हो तरी म्हण."

"हो म्हटलं असतं तर बसले असते खाली."

"बसू दे ना! माणसं बसायलाच येतात."

तू हसलीस, नेहमीसारखी, आवाज न करता, फक्त खांदे हलवत.

आपलं हेच भांडण होतं. इतकी वर्षं चाललं आणि कधीच कुठे पोचलं नाही. माझं म्हणणं साधं आहे, आणि मी ते आजही म्हणते. आपण शिक्षक आहोत. आपल्याला माहीत आहे, त्यांना माहीत नाही, सांगायचा पगार मिळतो. प्रश्न विचारावा, दोन मिनिटं थांबावं, मग उत्तर सांगावं आणि फळ्यावर लिहावं. तुझं म्हणणं, उत्तर सांगितलं की घरातलं बोलणं बंद होतं. "स्मिते, तू बघ. उत्तर घेऊन पोर घरी गेलं की आई म्हणते, बरं, हात धू. प्रश्न घेऊन गेलं की बाप मोबाईल खाली ठेवतो." मी म्हणायचे, आणि घरानं चुकीचं ठरवलं तर? एकदा झालंच होतं तसं. पाव भाग मोठा की तिसरा भाग, यावर कोणाच्या तरी घरी मामांनी निकाल दिला की चार मोठे, म्हणून पाव मोठा. पोरीनं पेपरात तेच लिहिलं. मी पेपर तुझ्यासमोर आपटला. "हे बघ तुझ्या घरच्या चर्चेचं फळ!" तू पेपर बघितलास आणि म्हणालीस, "मामा येतील ना शनिवारी? कलिंगड आणते." तू खरंच कलिंगड आणलंस. मामांना आधी पाव दिलास, मग तिसरा भाग दाखवलास. मामा दोन्हीकडे बघत बसले आणि अख्खा वर्ग मामांकडे. ते जाऊ दे. पोरीचे मार्क गेले ते गेलेच, हा माझा मुद्दा अजून उभा आहे. त्याचं उत्तर तू मला दिलेलं नाहीस.

भाकऱ्यांच्या वेळी मात्र मी तुझ्याशी भांडले नाही.

अपूर्णांक होते. तू घरी गणित दिलंस. तीन भाकऱ्या आहेत, खाणारी चार माणसं, सगळ्यांना सारखी वाटा. चपात्या घ्या, घावन घ्या, काहीही घ्या, पण खरोखर वाटून बघा. मला वाटलं होतं, कोणी चार-चार तुकडे करून आणेल, कोणी अर्धं-पाव करेल, तू त्यावर तुझं ते प्रश्नांचं जाळं टाकशील. शनिवारी पहिली पोरगी उठली आणि म्हणाली, "तिघांना एक-एक." तू विचारलंस, चौथं? ती म्हणाली, "मम्मी नंतर जेवते." दुसरा उठला. तिघांना एक-एक, आई सकाळचा भात खाते. तिसरी उठली. तेच. पोरं एवढी खुशीत सांगत होती, भागाकार बरोब्बर सुटला म्हणून. शेजारी आया बसलेल्या, त्याही माना हलवत होत्या. एक जण तुला समजावून सांगायला लागल्या, "बाई, मला चालतं ना. मला भूकच नसते तशी."

तू खडू हातात धरून उभी राहिलीस. मग तू फळ्याकडे न वळता म्हणालीस, "मी चार माणसं म्हटली होती. तुमच्या उत्तरात तीनच आहेत. ज्या गणितात आई धरलेली नाही ते गणित चूक. परत करा." तू कुणाला चूक म्हटलेलं मी तेव्हाच ऐकलं, आधीही नाही आणि नंतरही नाही. वर्गात कोणी हसलं नाही. तेवढ्यात रियाची आजी मागच्या बाकावरून खणखणीत आवाजात म्हणाली, "मगे म्हातारी खंय गेली? पाच माणसां आसंव आमी!" आणि सगळा वर्ग फुटला. तूही. पुढच्या आठवड्यात एकेका घरातून काय काय तुकडे आले! रियाच्या घरून पाच जणांत तीन घावन, पट्टीनं मोजून कापलेले. एक आई मला कॉरिडॉरमध्ये म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी माझ्या मुलानं माझं ताट आधी वाढलं. मला कसंतरीच झालं." आणि रडायलाच लागली. मीही.

म्हणून सांगते, सुजाता, मला तुझा सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर ह्याचा. वॉर्डातल्या सगळ्या आया तू गणितात धरल्यास. तुला कोणी धरायचं होतं? जिना चढताना तू मध्येच थांबायचीस, कठड्याला हात लावून, जणू खालच्या मुलांकडे लक्ष आहे. मी विचारलं की "ॲसिडिटी गं." मी म्हटलं, चल, आत्ता जाऊ डॉक्टरकडे, मी येते. तर आधी चाचणी परीक्षा होऊ दे, मग तुझ्या लेकीची, प्राचीची ॲडमिशन होऊ दे, मग दिवाळी. शेवटी शेवटी नुसतं "शनिवार होऊ दे." प्रत्येक गोष्टीचं कारण शोधणारी बाई, आणि आपल्याच छातीत का दुखतं ते बघायला तुला सवड नव्हती? मी तुला हात धरून नेऊ शकले नाही कारण तू पळवाटा काढण्यात माझ्यापेक्षा हुशार होतीस. मी यावर शांत होणार नाही. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला सगळे तुझ्याबद्दल गोड गोड बोलत होते, मी एकटी रागानं लाल होऊन बसले होते.

मोठ्या बाईही बोलल्या. ज्ञानाचा दिवा विझला, म्हणाल्या. माझी मान आपोआप उजवीकडे वळली. तू माझ्या उजवीकडे बसायचीस ना, सगळ्या सभांना. तू नक्की कुजबुजली असतीस, "विझला कशानं? तेल संपलं, वात संपली, की झाकण बसलं?" उजवीकडे पीटीचे सर बसले होते. त्यांनी मला पाण्याची बाटली दिली.

तुझ्या घरी गेले तर ओट्यावर, गॅसच्या बाजूला, तोच ग्लास. तुझाही. पाणी काळपट झालेलं. मिलिंद भावोजी म्हणाले, "ताई, हे टाकू का ठेवू? तिनं हात लावू दिला नव्हता." मी प्राचीला विचारलं, तुला तरी सांगितलं का गं आईनं, मोड का येत नाहीत ते? तिचे डोळे सुजलेले होते, तशात ती हसली. "मावशी, मी बारावी सायन्स करून आले तरी आई मला म्हणाली, आधी तुला काय वाटतं ते सांग." मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली. मी ग्लास उचलला, बेसिनमध्ये ओतला, घासून पालथा घातला. तुझ्या घरातले मूग मी टाकले, हे तुला कळलेलं बरं. वास सहन होत नव्हता.

तुझी तुकडी माझ्याकडे आली. दोन्ही तुकड्या एकत्र, एका वर्गात कोंबून. मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. वाईट नाहीत त्या, थकलेल्या आहेत. म्हणाल्या, "स्मिता बाई, तो शनिवारचा तास सुजाता बाईंचा होता. त्यांच्याबरोबर होता. सोसायटीच्या तक्रारी येतायत. या शनिवारी पालकांना बोलवा, ते मुगाचं उत्तर सांगून टाका, आभार माना आणि बंद करा. तुमच्यावर दोन वर्गांचा भार, त्यात हे कुठं?" मी हो म्हटलं. खरं सांगू, मनापासून हो म्हटलं. मला हायसं वाटलं. शनिवारी घरी लवकर जाता येईल, बादल्या शोधायला नकोत, आणि शेवटी एकदा, एकदा तरी, आपल्या शाळेतला एखादा प्रश्न उत्तर सांगून संपेल. शुक्रवारी घरी आरशासमोर म्हणून बघितलं. बी जिवंत असतं. त्याला पाण्यासारखीच हवाही लागते. बुडालेल्या बियांना हवा मिळत नाही, म्हणून मोड येत नाहीत. बस्स, एवढंच. तीन वाक्यांसाठी आख्खी विंग नाक दाबून बसली होती.

काल तो शनिवार झाला.

सगळे आले. एवढे कधी येत नसत. दाराशी उभे, खिडकीशी उभे, दोन-तीन घरं तर अशी की ज्यांचं पोर आपल्या शाळेतही नाही. तुझ्या खुर्चीवर मी बसले नाही. टेबलाशी उभी राहिले आणि म्हटलं, सुजाता बाईंनी विचारलेला प्रश्न तुम्हाला माहीत आहे, आज आपण त्याचं उत्तर बघू आणि मग… "बंद करू" हे तोंडातून निघेना, म्हणून आधी उत्तराकडेच वळले. बी जिवंत असतं, एवढं म्हटलं.

"बाई, थांबा."

रियाची आजी उठली होती. "सांगू नकात."

मी म्हटलं, "आजी, अहो, आज शेवटचा…"

"आमचा चालू हा अजून. तुमी सांगलात काय सगळा फुकट जातला."

आर्यनचे पप्पा उठले. "हो मॅडम, थोडं थांबा. पहिल्यांदा वाटलं नळाच्या पाण्यातलं औषध असेल. मी बाटलीचं पाणी घेतलं. सडले. बी विंगमध्ये तीनशे चारवाले म्हणतात अंधार पाहिजे, त्यांनी डब्यात बंद केले. सडले. ह्यांच्याकडे ऊब पाहिजे म्हणून दूध तापवतात त्या जागी ठेवले. जास्तच सडले." सगळीकडून आवाज यायला लागले. आमचे झाकून, आमचे उघडे, आमच्या एकाला एवढंसं टोक आलं आणि थांबलं. सुजाता, ती माणसं एकेक गोष्ट बदलून बघत होती. एका वेळी एकच. तू घसा फोडून सांगायचीस तेव्हा सगळी एकदम सगळं बदलायची. तू गेल्यावर शिकली! आता काय म्हणू मी तुला?

मग आजी सांगायला लागली. त्यांच्या घरात रियाच्या पप्पांचा माशांचा टँक आहे. आजी म्हणे तीन दिवस ग्लासाकडे बघत बसली होती. तिच्या मनात आलं, "मासो पाण्यात जगता मां? मगे मुगांक काय रोग इलो?" तिनं सुनेच्या जुन्या मोज्यात मूग बांधले आणि टँकमध्ये सोडले, जिथे नळीतून बुडबुडे येतात तिथे. मुलगा ओरडला, मासे मरतील म्हणून. आजीनं ऐकलं नाही. रियानं बाकाखालून पिशवी काढली, पिशवीतून डबा, डब्यातून ओला मोजा, आणि माझ्या हातावर पालथा केला.

मोड होते गं. बारीक, पांढरे, पण होते. पाण्यातच वाढलेले.

सगळे माझ्याकडे बघत होते. सांगायला एक शब्द पुरला असता. हवा. ओठांवर आलेला होता. इतकी वर्षं मी ह्याच क्षणासाठी तुझ्याशी भांडत होते, की माणसं अशी ऐकायला तयार बसली की आपण सांगून टाकावं. आणि मी त्या ओल्या मुगांकडे बघत विचारलं, "आजी, मग त्या बुडबुड्यांत काय असतं?"

एवढा गलका झाला की पलीकडच्या वर्गातून पीटीचे सर बघायला आले. आर्यनचे पप्पा टँकच्या मोटरचं चित्र काढायला फळ्याकडे निघाले, दोन आया रियाच्या आईला विचारत होत्या की संध्याकाळी बघायला आलं तर चालेल का, आणि पोरं बाकावर चढली होती. बेल कधी झाली कोणाला कळलं नाही. माझ्या तळहातावर मूग होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

मोठ्या बाई दारात आल्या. गर्दीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सांगितलंत उत्तर?"

"नाही, बाई."

"का?"

सुजाता, हा 'का' नेहमी तुझ्या वाट्याचा. मी बादली आणायची, तू मोठ्या बाईंना पटवायचं, असं आपलं ठरलेलं होतं. मी वाट बघितली. खरंच बघितली, मूर्खासारखी, तू मागून पुढे येशील म्हणून.

कोणी आलं नाही. मग मीच म्हटलं, "त्यांचं बोलून व्हायचंय अजून."

माझंही व्हायचंय. पण ते मी त्यांना सांगितलं नाही.